चंद्राचं खळं आणि २२ अंशांचा प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या माणसाने चंद्राच्या खळ्यावर का बोलावं, असं संयोजकांनी मला फोनवर विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की नोकरीची बत्तीस वर्षं मी देकार्त शिकवला आणि त्या बत्तीस वर्षांत एक गोष्ट मुलांना कधीच सांगितली नाही, कारण मलाच ती ठाऊक नव्हती. ती खळ्याची गोष्ट आहे. निवृत्तीनंतर ती हाती लागली, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. फी भरलेली मुलं आता आजोबा झाली असतील, त्यांची क्षमा मागायला दुसरी जागा नाही.

पण देकार्त नंतर. आधी बार्शी तालुका.

आमच्या गावी रब्बीची ज्वारी निघाली की खळं करायचे. जमीन ठोकून, पाणी मारून, शेणाने सारवून गोल अंगण तयार व्हायचं. मधोमध तिवडा, म्हणजे खांब. त्याला बैलांची पात जोडायची आणि कणसांवरून गोल गोल फिरवायची. मळणी चालू असेतोवर घरातला एकजण रात्री खळ्यावर झोपायला जाई. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आबांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, जात असे. एके रात्री आबांनी मला उठवलं. चंद्राभोवती मोठं कडं पडलं होतं, इतकं मोठं की आभाळाचा एक हिस्सा कुणी परकाराने आखून घेतलाय असं वाटावं. आबा म्हणाले, "खळं जवळ तर पाऊस लांब, खळं लांब तर पाऊस जवळ. ऊठ, रास झाकायची." आम्ही दोघांनी मध्यरात्री कडबा आणि पोती टाकून रास झाकली. पाऊस आला नाही. सकाळी शेजारच्या खळ्यावरचे लोक हसले. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच कडं दिसलं आणि आबांनी पुन्हा रास झाकली.

हे आठवायचं कारण शब्द आहे. धान्य मळायच्या जागेला आपण खळं म्हणतो आणि चंद्राभोवतीच्या कड्यालाही खळंच म्हणतो. आता इंग्रजीत त्या कड्याला हॅलो म्हणतात. हा शब्द ग्रीक 'हालोस'वरून आला, आणि 'हालोस'चा मूळ अर्थ धान्य मळायची गोल जागा! सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ पहिल्या शतकात हेच नोंदवतो: मळणीची जागा बहुधा गोल असते, म्हणून ग्रीकांनी आकाशातल्या कड्याला तेच नाव दिलं. ग्रीक शेतकऱ्याची आणि आमच्या आबांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. दोघांनीही मळणीच्या दिवसांत वर पाहिलं असणार आणि दोघांनाही मधला तिवडा आणि भोवतालची पात दिसली असणार. हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही.

आता एक साधं मोजमाप करू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. हात समोर ताठ करा आणि वीत पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आकाशाचा जो भाग झाकला जातो तो सुमारे २० ते २२ अंशांचा असतो. खळं दिसेल तेव्हा अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी कड्यावर येईल. कधीही करा, कुठेही करा. चंद्र क्षितिजाजवळ असो की डोक्यावर, सोलापूर असो की स्टॉकहोम, त्रिज्या २२ अंशच. आणखी दोन गोष्टी पाहून ठेवा. कड्याच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळसर दिसतं. आणि कड्याची आतली कडा रेखीव असते, तिला किंचित तांबूस छटा असते, तर बाहेरची कडा पांढुरकी होत विरत जाते. चंद्राच्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे पुष्कळदा नुसतं पांढरं कडं दिसतं. पौर्णिमेच्या मागेपुढे तांबूसपणा कळतो.

कारण सांगायचा पद्धतशीर प्रयत्न पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टॉटलपासून सुरू होतो. 'मीटिऑरॉलॉजिका'च्या तिसऱ्या खंडात तो खळ्याचा विचार करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चंद्र आणि आपण यांच्यामध्ये बारीक, एकसारख्या कणांचं धुकं आलं, की त्या कणांवरून परावर्तन होतं. चंद्र आणि डोळा यांना जोडणाऱ्या रेषेभोवती सगळ्या बाजूंनी परिस्थिती सारखीच असल्यामुळे आकृती वर्तुळच होणार. यात गंमत अशी, की इथे तो दृष्टी डोळ्यातून बाहेर जाऊन परावर्तित होते अशा भाषेत बोलतो, जी कल्पना त्यानेच इतरत्र नाकारली आहे. मोठ्या माणसांचं असं होतं. पण वर्तुळ का, याचं त्याचं उत्तर आजही बरोबर आहे. वर्तुळ हा सममितीचा परिणाम आहे. अडचण एकच: या युक्तिवादातून वर्तुळ निघतं, २२ निघत नाहीत. त्याच तर्काने कडं १० अंशांचंही असू शकतं आणि ३५ अंशांचंही.

हवामानाची खूणही त्याने दिली आहे. कडं अखंड राहून दाट झालं तर पाऊस, तुटलं तर वारा, विरून गेलं तर उघडीप. आबांना हे आवडलं असतं.

आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त परिवेषावर स्वतंत्र अध्याय लिहिला. परिवेष म्हणजे हेच खळं. त्याची व्याख्या मला ॲरिस्टॉटलच्या तोडीची वाटते: सूर्यचंद्राचे किरण वाऱ्याने एकवटून मंडलाकार होतात आणि आकाशात पातळ ढग असताना नाना रंगांचे दिसतात. पातळ ढग! ज्याने हे लिहिलं किंवा ज्यांच्याकडून त्याने घेतलं, त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. दाट ढगात खळं पडत नाही आणि निरभ्र आकाशातही पडत नाही. त्यानंतर मात्र अध्याय कोणत्या रंगाचा परिवेष कोणत्या देवतेचा, त्याने राजाचं काय होईल, सैन्याचं काय होईल, पाऊस कधी पडेल, इकडे वळतो. म्हणून त्याला हसायचं कारण नाही. युरोपातही सोळाव्या शतकापर्यंत हेच चाललं होतं. स्टॉकहोमवर १५३५ साली सूर्याभोवती कडी आणि खोटे सूर्य दिसले, तेव्हा लोकांनी त्यात राजावरचा दैवी कोपच वाचला. त्या दिवसाचं चित्र तिथल्या मुख्य चर्चमध्ये आजही लावलेलं आहे.

आता देकार्त. २० मार्च १६२९ रोजी रोममध्ये ख्रिस्तोफ शाइनर या जेझुइट खगोलज्ञाने सूर्याभोवती कडी आणि त्यांवर चार खोटे सूर्य पाहिले. खरा धरून पाच. या दृश्याचं वर्णन पत्रांतून फिरत फिरत हॉलंडमध्ये पोचलं आणि तिथे एका मित्राने ते देकार्तला दाखवून त्याचं मत विचारलं. तेव्हा देकार्त तेहतीस वर्षांचा होता आणि अध्यात्मशास्त्रावरचा, म्हणजे ईश्वर आणि आत्मा यांवरचा, एक लहान ग्रंथ लिहीत होता असं अभ्यासक मानतात. ऑक्टोबर १६२९ मध्ये त्याने मेर्सेनला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: या प्रश्नाने मला हातातलं काम थांबवायला लावलं, कारण एक समजायचं तर आकाशातल्या सगळ्याच घटनांचा क्रमाने विचार करावा लागतो. आता मला कारण सांगता येईल असं वाटतं, यावर लहानसं पुस्तक लिहायचं ठरवलं आहे, पण कुणाला सांगू नका.

बघा काय झालं ते. आधुनिक तत्त्वज्ञानाचा जनक आत्म्यावरचं लेखन बाजूला ठेवतो, कारण कुणीतरी विचारलं की सूर्याभोवती कडं का पडतं.

लहानसं पुस्तक वाढत गेलं आणि १६३७ साली लायडनमध्ये छापलं गेलं. त्याचं नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे: 'पद्धतीविषयीचं विवेचन'. "मी विचार करतो, म्हणून मी आहे" हे ज्यात आहे तेच. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. आमच्याकडे त्याची शंभरेक पानांची स्वस्त इंग्रजी आवृत्ती असे. ती शंभर पानं म्हणजे केवळ प्रस्तावना होती, हे मला आवृत्तीच्या मुखपृष्ठाने कधी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही. मूळ पुस्तकात तिच्यामागे तीन प्रबंध आहेत: प्रकाशाच्या वक्रीभवनावर एक, आकाशातल्या घटनांवर दुसरा, भूमितीवर तिसरा. पद्धत कशी चालते याचे हे नमुने, असं शीर्षकातच म्हटलं आहे. म्हणजे स्वयंपाकाची कृती तोंडपाठ करून घ्यायची आणि ताट वाढलेलं असताना तिकडे पाहायचंच नाही, असं मी केलं. हा दोष कुणा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर ढकलणं सोपं आहे, पण ग्रंथालयात मूळ पुस्तकाचं भाषांतर होतं आणि त्याच्या कार्डावर माझ्या आधी कुणाचीच सही नव्हती. माझीही निवृत्तीनंतर झाली.

त्या दुसऱ्या प्रबंधात दहा प्रकरणं आहेत. आठवं इंद्रधनुष्यावर. ते वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. पाण्याच्या थेंबात शिरलेला किरण कसा वळतो, आत एकदा परावर्तित होऊन कसा बाहेर येतो, आणि निरनिराळ्या ठिकाणी शिरलेले किरण कोणकोणत्या कोनांतून बाहेर पडतात, याचं कोष्टक देकार्तने हाताने मांडलं. त्यातून त्याला दिसलं की पुष्कळसे किरण ४२ अंशांच्या जवळपास गोळा होतात. म्हणून इंद्रधनुष्य ४२ अंशांचं. धनुष्य का, याच्याबरोबर एवढंच का, याचंही उत्तर आलं.

मग नववं प्रकरण खळ्यावर. आपण उत्सुकतेने पान उलटतो आणि ते गणित तिथे नाही.

याची हळहळ का वाटते ते सांगतो. ४ फेब्रुवारी १६३५ रोजी देकार्त ॲमस्टरडॅममध्ये होता. हिमकण पडत होते आणि त्याने ते नुसत्या डोळ्यांनी तपासून टिपून ठेवले. याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात ते वर्णन आहे: जाड कागदाएवढ्या जाडीच्या, सपाट, गुळगुळीत, पारदर्शक बर्फाच्या चकत्या, इतक्या अचूक षटकोनी की माणसाच्या हाताने तसं काही घडवता येणार नाही. म्हणजे षटकोनी पारदर्शक बर्फ त्याने पाहिला होता. वक्रीभवनाचा नियम त्याच्याकडे होता, याच पुस्तकात छापलेला. किरण मोजून कोन काढायची रीत त्याने स्वतः शोधली होती. खळं बर्फाच्या कणांतून होणाऱ्या वक्रीभवनाने पडतं हेही त्याने बरोबर ओळखलं. सगळं सामान ओट्यावर काढून ठेवलेलं. आणि मग त्याने काय केलं, तर बर्फाचे ते कण मधोमध फुगीर झालेले असतात, भिंगासारखे, असं मानलं. षटकोनाच्या सरळ कडा हातातून निसटल्या आणि त्यांच्याबरोबर २२ही निसटले. मला वाटतं, भिंग त्याच्या मनात फार बसलं होतं. तो दुर्बिणीची भिंगं घासायच्या नादात होता. प्रत्येकाला आपल्या हातातलं हत्यार सगळीकडे दिसतं.

त्याच प्रकरणात आणखी एक नोंद आहे, ती मात्र अस्सल देकार्त आहे. एका रात्री तो जहाजाने प्रवास करत होता. संध्याकाळभर उजवा डोळा हाताने दाबून, हातावर डोकं टेकून, दुसऱ्या डोळ्याने आकाश पाहत बसला होता. कुणीतरी मेणबत्ती आणली, त्याने दोन्ही डोळे उघडले आणि ज्योतीभोवती दोन रंगीत कडी दिसली. त्याने तिथल्या तिथे तपासलं आणि ठरवलं की ही कडी हवेतली नाहीत, माझ्या डोळ्यातली आहेत.

हे वाचताना मला माझीच आठवण झाली. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला मला कडं दिसू लागलं होतं आणि मी घरात सांगत होतो की हल्ली शहरात धुकं फार पडतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुकं नाही, मोतीबिंदू. तुमच्यापैकी साठीपलीकडच्यांसाठी सांगून ठेवतो. दिव्याला किंवा चंद्राला कडं दिसलं तर हाताने किंवा खांबाआड मधला दिवा झाका. कडं राहिलं तर ते बाहेर आहे, दिव्याबरोबर गेलं तर डोळ्यात आहे, डॉक्टरांना दाखवा. डोळा लाल होऊन दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, ती काचबिंदूचीही खूण असते.

असो. बरोबर उत्तर दिलं एदम मारियॉतने. हा फ्रेंच माणूस, पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सदस्य. प्रत्येक डोळ्यात एक आंधळी जागा असते हा शोधही त्याचाच. १६८१ साली त्याने रंगांवर निबंध छापला आणि त्यात म्हटलं की खळं बर्फाच्या त्रिकोणी लोलकांमुळे पडतं, ज्यांच्या बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असतो.

हे नीट समजून घेऊ. घरातली साधी षटकोनी पेन्सिल डोळ्यांसमोर आणा आणि ती बर्फाची आहे असं समजा. खूप उंचावरच्या पातळ ढगांत, साधारण सहा किलोमीटरच्या वर, अशा आकाराचे सूक्ष्म स्फटिक तरंगत असतात. खाली सोलापुरात मार्चचं ऊन तापत असतं तेव्हाही वर बर्फच असतो. किरण पेन्सिलीच्या एका बाजूने आत शिरतो. शेजारच्या बाजूने त्याला बाहेर पडता येत नाही, तिथे तो आतच परततो. पण एक सोडून पुढच्या बाजूने पडता येतं. या दोन बाजू मनाने वाढवल्या तर त्यांच्यात ६० अंशांचा कोन होतो. म्हणजे षटकोनातच मारियॉतचा त्रिकोणी लोलक दडलेला आहे.

शिरताना किरण वळतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. (आमच्या वेळी याला वक्रीभवन म्हणत, आता मुलांच्या पुस्तकात अपवर्तन असतं. गोष्ट तीच.) किती वळतो? ते स्फटिक कसा फिरलेला आहे त्यावर ठरतं. स्फटिक हळूहळू फिरवत गेलात तर वळण कमी कमी होत जातं, एका ठिकाणी सर्वांत कमी होतं आणि पुन्हा वाढू लागतं. बर्फाचा वक्रीभवनांक १.३१ धरून हिशोब केला तर ते सर्वांत कमी वळण २१.८ अंश येतं. झाले आपले २२!

पण कमीत कमीच का दिसावं? झोक्यावरचं मूल आठवा. टोकाला ते क्षणभर थांबतं, मध्ये भर्रकन जातं. अंधारात बराच वेळ कॅमेरा उघडा ठेवून फोटो काढला तर मूल टोकालाच ठळक उमटेल. इथेही तसंच. वळण जिथे कमी व्हायचं थांबून वाढू लागतं, तिथे स्फटिक थोडा इकडेतिकडे फिरला तरी वळण जवळजवळ तेवढंच राहतं. ढगात लक्षावधी स्फटिक हवे तसे फिरलेले असतात, त्यांचा प्रकाश २२ अंशांपाशी गर्दी करतो. जास्त वळलेला प्रकाश बाहेरच्या बाजूला पसरतो, म्हणून बाहेरची कडा विरत जाते. २२ पेक्षा कमी कुणीच वळू शकत नाही, म्हणून आतलं आकाश काळसर. तांबडा प्रकाश सर्वांत कमी वळतो, म्हणून तांबूस कडा आत. सुरुवातीला पाहून ठेवलेल्या सगळ्या गोष्टींचा हिशोब एका पेन्सिलीने लागला. शाइनरचे खोटे सूर्यही याच घराण्यातले. स्फटिक पेन्सिलीऐवजी चकतीसारखे असले की पानांसारखे आडवे तरंगतात आणि प्रकाश फक्त डाव्या-उजव्या बाजूला गोळा होतो. चंद्राचेही असे खोटे चंद्र पडतात.

१६८१ साली हे उत्तर छापून झालं. मारियॉत १६८४ मध्ये वारला. १७१७ साली त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेही लायडनमध्येच. आणि कुणी लक्ष दिलं नाही.

कारण दुसरं एक उत्तर बाजारात होतं आणि त्यावर क्रिस्टियान ह्युजेन्सचं नाव होतं. ह्युजेन्स म्हणजे शनीच्या कड्याचा उलगडा करणारा, लंबकाचं घड्याळ बनवणारा. त्याने १६६७ साली पॅरिसमध्ये सूर्याचं खळं पाहिलं आणि उपपत्ती मांडली: हवेत पारदर्शक गोळ्या असतात आणि प्रत्येक गोळीच्या पोटात अपारदर्शक हिमाचा गाभा असतो. गाभा प्रकाश अडवतो म्हणून आतलं आकाश काळसर. गाभा गोळीच्या मानाने किती मोठा घ्यायचा? कडं २२ अंशांचं येईल एवढा! इथे माझ्यातला तर्कशास्त्राचा मास्तर जागा होतो. ह्युजेन्सच्या हिशोबात २२ बाहेर येतात, कारण त्याने ते आधीच आत ठेवलेले असतात. गाभा वेगळा घ्या, कडं वेगळं येईल. मग रोममध्ये, पॅरिसमध्ये, बार्शीत सगळ्या गोळ्यांचे गाभे त्याच मापाचे का, याला उत्तर नाही. मारियॉतच्या उत्तरात असं फिरवायला बटणच नाही. बर्फ आहे तसा आहे, षटकोन आहे तसा आहे, २२ यावेच लागतात. ह्युजेन्सची गणिती मांडणी मात्र देखणी होती, त्याच्या मरणानंतर १७०३ मध्ये ती छापली गेली, आणि अठराव्या शतकात तीच मान्य राहिली. १८०७ साली थॉमस यंगने आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात मारियॉतला पुन्हा बाहेर काढलं. मधे १२६ वर्षं गेली. पुढे १८४७ मध्ये ब्राव्हेने खळ्यांच्या सगळ्या प्रकारांवर मोठा प्रबंध लिहिला आणि वाद संपला.

मला मनापासून वाटतं की विद्वानांची नावं झाकून या दोन उपपत्ती कुणा चलाख विद्यार्थ्यापुढे ठेवल्या असत्या तर १२६ मिनिटंही लागली नसती. पण नावं झाकून कोण वाचतं? मी नाही वाचलं.

आता आबांच्या म्हणीकडे. खळं जवळ तर पाऊस लांब, लांब तर पाऊस जवळ. मी पुष्कळ वर्षं समजत होतो की ही नुसती यमकबाजी आहे, कारण २२ अंशांचं खळं जवळ किंवा लांब होऊच शकत नाही. उत्तर मिळालं ते न्यूटनच्या 'ऑप्टिक्स'मध्ये, १७०४ सालच्या. त्यात त्याने विद्यार्थिदशेतली एक रात्र नोंदवली आहे, त्याच्या टिपणाप्रमाणे १९ फेब्रुवारी १६६४. त्या रात्री त्याला चंद्राभोवती दोन लहान कडी दिसली, एक ३ अंश व्यासाचं आणि दुसरं साडेपाच अंशांचं. आणि त्याच वेळी चंद्राच्या केंद्रापासून २२ अंश ३५ मिनिटांवर मोठं खळं.

म्हणजे कडी दोन जातींची आहेत! चंद्राला चिकटून असलेलं लहान रंगीत वलय पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे पडतं. तिथे बर्फ नको, वक्रीभवन नको. थेंबांच्या कडेवरून प्रकाश पसरतो, ज्याला विवर्तन म्हणतात. त्याची तांबूस कडा बाहेर असते, आणि थेंब लहान-मोठे असतील तसा त्याचा आकार बदलतो. ते 'जवळचं खळं'. लांबचं ते बर्फाचं. ज्या निरक्षर माणसांनी ही म्हण केली त्यांनी दोन जाती वेगळ्या ओळखल्या होत्या, आणि मी, पीएच.डी. झालेला, त्यांना एकच समजून म्हणीला हसत होतो.

म्हण खरी ठरते का? युरोपात बऱ्यापैकी ठरते. तिथे पाऊस आणणाऱ्या उबदार हवेच्या आघाडीपुढे हे उंचावरचे बर्फाळ ढग आधी पसरतात, आणि दिवस-दीड दिवसात पाऊस येण्याचा संभव असतो. आपल्याकडे तसं सरळ नाही. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र किंवा वादळ असेल तर त्याच्या माथ्यावरून निघालेले असे ढग पुढे येतात, तेव्हा म्हण लागू पडते. पण हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचे उंच ढग महाराष्ट्रावरून नुसतेच सरकून जातात, खाली थेंब पडत नाही. क्वचित एखादा विक्षोभ पाऊस आणि गाराही आणतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुमच्या लक्षात असेल. ते खळ्याकडे पाहून आधी कळत नाही. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा हिशोब एवढाच होता, की रास उगाच झाकली तर एका रात्रीची झोप जाते, आणि न झाकता भिजली तर वर्षाची भाकरी.

जाता जाता एक गोष्ट, ती खास आमच्या धंद्यातली. त्या रात्री आबा आणि मी शेजारी उभे होतो. आम्ही एकच खळं पाहिलं का? आबांच्या डोळ्यात प्रकाश पाठवणारे स्फटिक वेगळे, माझ्या डोळ्यात पाठवणारे वेगळे. मी दोन पावलं सरकलो की माझं खळं दुसऱ्या स्फटिकांचं होतं. कडं चंद्राभोवती नाहीच. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर, स्फटिक सहा-आठ किलोमीटरवर, आणि वर्तुळ माझ्या डोळ्याभोवतीच्या एका कोनात. सेनेकाने हेही म्हटलं होतं, की ते कडं ताऱ्याजवळ नसतं, आपल्याजवळ असतं. तरी ते देकार्तच्या मेणबत्तीसारखं डोळ्यातलं नाही. आम्ही दोघांनी बोट दाखवून त्याबद्दल बोललो, कॅमेऱ्यातही ते येतं. वस्तू नाही आणि भासही नाही, अशा या चिजेला काय म्हणायचं, याला माझ्याकडे चांगला मराठी शब्द नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचला तर प्रश्नोत्तरांत सांगा.

माइक मागे फिरवा. ते निळ्या सदऱ्यातले गृहस्थ मघापासून हात वर करून बसले आहेत, त्यांना आधी द्या.